व

सकाळी साडेनऊला मी कानाला लावायचे संच मोजते.
बारा. त्यातल्या एकाचा डावा कान मुका,
तो कुणाच्या वाट्याला जाईल ते मी ठरवते.
एवढीच माझी सत्ता.

दारावरची पाटी दोन भाषांत आहे
आणि दोन्हींत तेच म्हणते: इमारत विकणे आहे.
मार्चनंतर न्याय चाळीस मैलांवर,
दोन बस बदलून.
दुसरी बस मंगळवारी नसते.

आज साक्षीला इदवाल प्रोथेरो,
वय एकोणऐंशी, चॅपेलचा कोट, बाहीला लोकर.
इंग्रजी त्याला येतं, साठ वर्षं बाजारात भाव ऐकतोय.
तरी संच मागून घेतला:
बघू तरी, मी इंग्रजीत कसा वाटतो.
घाईत तोच गेला, एका कानाचा.

दावा डोंगराचा. कुंपण कुठून घालायचं.
वादी हेरेफर्डचा, पोरसवदा, कागद चोख, नकाशा रंगीत,
माणूस वाईट नाही,
कारकुनांसाठी बिस्किटं घेऊन आला होता.

मी काचेच्या खोक्यात,
इदवालच्या चार शब्द मागे,
चढावर म्हाताऱ्या माणसामागे चालावं तशी,
हात पुढे, पण न लावता.

न्यायाधीश बाई चेस्टरच्या.
त्यांनी विचारलं, कुंपण नव्हतं तर मेंढ्यांना हद्द कशी कळायची?
तो म्हणाला, आई दाखवते.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
तो थांबला. मग सावकाश:
कोकरू आईमागून चालतं. ती जिथून वळते तिथून ते वळतं.
त्याची आई तिच्या आईमागून.
माझ्या आजोबांनी कळप विकत घेतला तेव्हा डोंगर त्या कळपाच्या पायांत होता.
आणि मग त्याने तो शब्द वापरला.
कनेव्हिन.

चार शब्दांचं अंतर नऊ झालं, दहा झालं.
अधिवास? तो फॉर्मवर भरतात.
सवय? ती तंबाखूची.
वहिवाट म्हणावं, तर ती माणसाची लागते,
बारा वर्षांची, पुराव्यासकट.
दुभाषी बाई, आम्ही थांबलो आहोत.
मी म्हणाले, राहण्याची जागा.

इदवालने मान वळवून काचेकडे पाहिलं.
चुकलीस म्हणाला नाही.
संचावरून नुसता हात फिरवला,
उजव्या कानावरून.

टेबलावर कायद्याचं जाडजूड पुस्तक,
पाठीवर सोनेरी अक्षरांत इंग्लंड व वेल्स.
मी जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्या व कडे बघत बसले.
केवढंसं अक्षर, आणि पाचशे वर्षं दोन देश त्याच्यावर रेलून.
हल्ली कार्डिफला कायदे होतात: भाडेकरूंचे, झाडांचे,
गावातून वीसच्या वर गाडी न हाकण्याचे.
न्यायालय मात्र सामाईक.
सामाईक विहीर, दोर एकाच्या घरी.

तसं म्हणावं तर माझ्या बहिणीचा घटस्फोट श्रूजबरीला झाला,
नीट झाला, पोरं तिला मिळाली.
हेही सांगितलं पाहिजे.

दोन वाजता मी हात वर केला.
दुरुस्ती आहे.
काय?
तो शब्द. मी दिला तो त्याच्या मापाचा नव्हता.
मग योग्य कोणता?
नाही, म्हटलं. तुमच्याकडे नाही.
वादीच्या वकिलाने घड्याळ पाहिलं.
बाईंनी टोपण काढलं, स्पेलिंग विचारलं,
मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी समासात लिहिलं,
आणि वाय कुठे येतो ते दोनदा विचारलं.
निकाल सहा आठवड्यांनी. टपालाने.

संध्याकाळी संच मोजले. अकरा.
पुन्हा मोजले.
बारावा कोटाच्या खिशातून डोंगरावर गेलाय.
फोन करायला हवा त्याला.
करीन उद्या.